बाथरूममधला आवाज आणि घरभर संशय

माजिवड्याला हायवेलगतच्या सर्व्हिस रोडवर आमचं गीझर दुरुस्तीचं दुकान आहे. मालक म्हात्रेशेठ, टेक्निशियन सावंत, आणि फोनवर मी. माझी नणंद एकदा म्हणालेली, "गीझरच्या दुकानात कसले गं किस्से?" मी तिला दोन सांगितले. भाजी गॅसवर तशीच ठेवून ती तिसरा मागायला लागली!

त्याचं काय आहे, पंखा वाजला तर माणूस पंख्याकडे बघतो. मिक्सर वाजला तर मिक्सरकडे. पण गीझर असतो बंद बाथरूममध्ये, वर उंचावर, आणि आत काय चाललंय ते कोणालाच दिसत नाही. त्यामुळे तो वाजायला लागला की लोकांना संशय गीझरचा येतच नाही. वरच्या मजल्याचा येतो, सुनेचा येतो, आमचा तर येतोच येतो. अशी घरं रोज फोनवर भेटली, की किस्से साठवावे लागत नाहीत. आपोआप साठतात.

•

फोन आला की मी आधी एकच विचारते, "आवाज कसा येतो? जरा काढून दाखवता का?" गंमत म्हणून नाही हां. खडखड असेल तर आत क्षार साठलेत, सूं-सूं असेल तर व्हॉल्व्ह, धाडकन एकदाच वाजत असेल तर पाइप. सावंत निघतानाच त्याप्रमाणे सामान घेतात.

एकदा घोडबंदर रोडवरून एका साहेबांचा फोन आला. आवाज एकदम भारदस्त. मी आपला नेहमीचा प्रश्न विचारला.

"म्हणजे? मी आवाज काढू?"

"हो सर. त्याशिवाय कळणार कसं?"

 आधी अगदी हळू, "घूं... घूं..."

"सर, ऐकू येत नाहीये. जरा मोठ्याने."

मग मात्र साहेबांनी लाज सोडली. "घूंऽऽऽ! खड् खड् खड् खड्! फुस्सऽऽ!" इतका हुबेहूब की मी खुर्चीत मागे सरकले.

तेवढ्यात पलीकडून दुसराच कोणीतरी बोलला, "सर, पाणी देऊ का? तोपर्यंत इंटरव्ह्यूला आलेल्या मॅडमना बाहेर बसवतो."

•

म्हात्रेशेठ मूळचे मानपाड्याचे. घरात त्यांच्या आईचं राज्य. वय झालंय, पण कान शाबूत आणि त्याहून संशय शाबूत. झालं असं की घरातली नवीन सून आंघोळीला गेली की मागच्या बाजूने शिट्टी ऐकू यायला लागली. बारीक, लांबलचक शिट्टी. सून बाहेर आली की थोड्या वेळाने शिट्टी बंद!

घरामागे शेठच्या खोल्या आहेत. तिथे कंपनीत कामाला जाणारा एक भाडेकरू पोरगा राहायचा. सरळमार्गी, मान वर करून न बघणारा. आजींना तोच तर संशय. "जो वर बगत नाय, तोच शिटी वाजवतं!"

एका सकाळी सून आत गेली, शिट्टी सुरू झाली, आणि आजी काठी घेऊन मागच्या दाराने बाहेर. बिचारा पोरगा ओट्यावर दात घासत होता. तोंडात ब्रश असलेला माणूस शिट्टी कशी वाजवेल, हे कोणाच्या डोक्यातच आलं नाही! आजींनी सगळ्या आळीसमोर त्याला असं काही फैलावर घेतलं की तो खोली सोडायलाच निघाला. बॅग भरली, शेठच्या हातात किल्ली दिली आणि म्हणाला, "काका, मलाही बहीण आहे." डोळ्यांत पाणी.

शेठ शरमेने लाल. पण शेवटी गीझरवाला माणूस. सून केव्हाच बाहेर आलेली, गीझर मात्र चालूच राहिलेला; तेवढ्यात पुन्हा तशीच शिट्टी आली, पोरगा तर समोर उभा! शेठ थेट बाथरूममध्ये गेले. गीझरचा सेफ्टी व्हॉल्व्ह. आतला दाब वाढला की तो थोडी वाफ सोडतो, आणि त्याच्या तोंडाशी क्षार धरल्यामुळे त्याचीच शिट्टी होत होती.

संध्याकाळी आजी स्वतः तांदळाची भाकरी आणि सुकटीचं कालवण घेऊन पोराच्या खोलीवर गेल्या. माफी वगैरे मागायची त्यांना सवय नाही. ताट पुढे केलं आणि म्हणाल्या, "जेव रं पोरा. आता शिटी आयकली, त पयलं मशीन बगीन. मंग तुला!"

तो अजून तिथेच राहतो.

•

आमच्या डोंबिवलीत एक जोशीकाका आहेत. त्यांच्याकडे बोअरिंगचं पाणी, त्यामुळे गीझर पॉपकॉर्न फुटल्यासारखा वाजायचा. सावंतांनी टाकी उघडली आणि आतला क्षार बाहेर काढला. पांढरे, पिवळे, खडबडीत तुकडे. अर्धी बादली भरली.

काकांनी बादलीत बघितलं. मग सावंतांच्या बॅगेत बघितलं. मग सावंतांच्या तोंडाकडे.

"हे सगळं माझ्या गीझरमधून निघालं?"

"हो काका. यावर पाणी उकळतं, म्हणून तो आवाज."

"तुम्ही येताना घेऊन आला नाहीत ना?"

सावंत तसे शांत. कपाळावरचा घाम पुसला आणि म्हणाले, "काका, तुमची लिफ्ट बंद आहे. चौथ्या मजल्यावर मी दगड वाहून आणीन, असं वाटतं तुम्हाला?"

काकांनी विचार केला. पटलं बहुतेक. तरी पुढच्या वर्षी सावंत सर्व्हिसिंगला गेले तेव्हा काका दारातच उभे. "आधी बॅग उघडा!"

त्या वेळी लिफ्ट चालू होती ना!

•

ठाण्यातल्या एका सोसायटीत दोन बायका एकमेकींशी बोलायच्या बंद झालेल्या. खालच्या बाईंचं म्हणणं, "मी गीझर लावला की वरची मुद्दाम पाय आपटते. धाड! धाड!" वरच्या बाईंचं म्हणणं, "मला काय तुमच्या आंघोळीचं टाइमटेबल पाठ आहे?" प्रकरण सोसायटीच्या मीटिंगपर्यंत गेलेलं. हळदीकुंकूसुद्धा वेगवेगळं!

सावंतांनी दोघींना एकाच बाथरूममध्ये उभं केलं. गरम पाण्याचा नळ सोडला आणि झटकन बंद केला. धाड! भिंतीवरच्या पाइपची पकड ढिली झाली होती. वाहतं पाणी एकदम अडलं की पाइप भिंतीवर आपटायचा. त्यांनी क्लॅम्प घट्ट केला, पुन्हा नळ बंद केला. काहीच नाही.

वरच्या बाईंनी सुस्कारा सोडला. "बघा! म्हटलं नव्हतं मी?"

आठवड्याने मी खालच्या बाईंना फीडबॅकसाठी फोन केला. "ताई, आवाज बंद झाला ना?"

"झाला की! कसा नाही होणार? तुमचा माणूस समोर आला, पाइप-बिइप तपासले, तशी ती घाबरली आणि पाय आपटायची बंद झाली!"

•

हा एक किस्सा मी हसत सांगू शकत नाही, पण सांगते.

कल्याणहून एका गृहस्थांनी तक्रार नोंदवलेली. गीझर सूं-सूं करतो, खाली पाणी टपकतं. सावंत दुपारी जाणार होते. सकाळीच गृहस्थांचा पुन्हा फोन. "मॅडम, कॅन्सल करा. माझं मीच केलं. आवाज पूर्ण बंद!"

त्यांना इतका आनंद झालेला की मला आपोआप संशय आला. विचारलं, "काय केलंत नक्की?"

"काही नाही हो, त्या छोट्या नळीतून वाफ यायची. भोकात एपॉक्सी भरलं आणि बुजवून टाकलं. तुमची व्हिजिट वाचली!"

"काका, गीझर आत्ता चालू आहे?"

"हो, सूनबाई आंघोळ करतायत."

"मेन स्विच बंद करा. आत्ताच्या आत्ता. आणि त्यांना बाहेर बोलवा, आहेत तशा!"

"अहो, पण..."

मी आयुष्यात कोणत्या कस्टमरवर ओरडले नव्हते. त्या दिवशी ओरडले. पलीकडे पळापळ ऐकू आली, दारावर थापा, आणि आतून सुनेचा वैतागलेला आवाज, "दोनच मिनिटं हो बाबा!" माझे डोळे मिटले गेले. पुन्हा थापा. मग कडी उघडल्याचा आवाज आला, तेव्हा कुठे मी खुर्चीत टेकले.

सावंत आधीची सगळी कामं टाकून तिकडे गेले. थर्मोस्टॅट चिकटून बसलेला, म्हणजे पाणी तापायचं ते थांबतच नव्हतं. जास्तीचा दाब व्हॉल्व्ह बाहेर सोडत होता म्हणून तर सूं-सूं येत होतं, आणि काकांनी तीच वाट बंद केलेली. टाकी एका बाजूने फुगली होती.

सावंत परत आले आणि चहा घेत बसले. शेठनी विचारलं, "काय रे, काय झाला?"

"काही नाही शेठ. वाजत असतो तो गीझर परवडला. तोंड दाबलेला नको."

•

सावंतही डोंबिवलीकरच. त्यांच्या घरचा गीझर दिवाळीपासून खडखडत होता. वहिनी रोज सांगायच्या, सावंत रोज म्हणायचे, "रविवारी बघतो." शेवटी वहिनींनी मलाच फोन केला. आमचं ठरलं. मी माझ्या माहेरच्या आडनावाने तक्रार लावली आणि सावंतांना फक्त ते आडनाव आणि बिल्डिंगचं नाव सांगितलं.

"अहो मॅडम, ही तर माझीच बिल्डिंग! आमच्याकडे राणे कोण आहे?"

"मला काय माहीत? बाई गेटवर उभ्या राहतील म्हणाल्या. फार चिडल्यायत, लवकर जा."

सावंत वाटभर विचार करत गेले. नवीन बिऱ्हाड? पोटभाडेकरू? सेक्रेटरीला न सांगता? गेटवर पोचले तर वहिनी पदर खोचून उभ्या.

"तुम्हीच का सर्व्हिस सेंटरवाले? आयकार्ड बघू!"

वॉचमन बघत होता. सावंतांनी मुकाट आयकार्ड दाखवलं.

•

आणि हे अप्पा.

त्या दिवशी माझा घसा पार बसलेला. सकाळपासून प्रत्येक कस्टमर "काय? काय म्हणालात?" करून वैतागत होता. तेवढ्यात डोंबिवली ईस्टहून एका वयस्कर गृहस्थांचा फोन आला. फार गोड बोलणं. "मुली, गीझर तापत आला की टक् टक् वाजतो. आधी हळू, मग भरभर. बंद केल्यावरही थोडा वेळ चालतं." मी विचारलं तेवढ्या सगळ्याची त्यांनी नीट उत्तरं दिली, पत्ता दिला, वर म्हणाले, "घशाला जपा. मिठाच्या पाण्याने गुळण्या करा."

दुसऱ्या दिवशी सावंत तिथे गेले. सूनबाईंनी दार उघडलं. "तक्रार? आम्ही नाही केली. आमच्याकडे काही आवाजबिवाज येत नाही."

सावंत म्हणाले, "आलोय तर बघून घेतो." हॉलमध्ये अप्पा पेपर वाचत बसलेले. सावंतांनी नमस्कार केला, तर सूनबाई म्हणाल्या, "त्यांना ऐकू येत नाही. ठार बहिरे झालेत. कानाचं मशीन आणून दिलं, तर तेही घालत नाहीत."

सावंतांनी गीझर चालू केला आणि टाकीला कान लावून उभे राहिले. बाहेर अप्पांचा मुलगा आणि सूनबाई यांचं बोलणं चालू झालं, अप्पांच्या अगदी समोर, मोकळेपणाने. दिवाळी झाली की अप्पांना नाशिकला त्यांच्या थोरल्या मुलाकडे पोचवायचं. थोडे दिवस म्हणून सांगायचं आणि परत आणायचं नाही. त्यांच्या खोलीत मुलीचं स्टडी टेबल लावायचं. सूनबाई बाथरूमशी येऊन सावंतांनाही म्हणाल्या, "जास्त खर्चाचं काही काढू नका हां. माणसं कमी होणारेत घरातली."

पाणी तापलं. टाकीवर कान दाबून ठेवला तेव्हा कुठे सावंतांना ऐकू आलं. टक्. टक्. अगदी बारीक. बाथरूमबाहेर आलं की तेही नाही.

"आवाज आहे," सावंत म्हणाले. "तापताना पाइप सरकतोय. पण हा ऐकला कोणी?"

मुलाला आता संशय यायला लागला. "एक मिनिट. तक्रार केली कोणी? उगाच व्हिजिट काढायला तर आला नाहीत ना?"

हे सगळं मला सावंतांनी नंतर सांगितलं. पुढचं मात्र मी स्वतः ऐकलं, कारण त्यांनी तिथूनच मला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला.

"मॅडम, या घरून तक्रार कोणी केलेली?"

मला काय माहीत तिथे काय चाललंय! मी आपली खुशीत म्हणाले, "अहो, ते आजोबा नाही का! फार छान बोलले. काल माझा घसा इतका बसलेला, सगळे पुन्हा पुन्हा विचारत होते. पण त्यांनी मला एक शब्दसुद्धा परत बोलायला लावला नाही!"

पलीकडून सूनबाईंचा आवाज आला, अगदी हळू, स्वतःशीच बोलल्यासारखा.

"अप्पा... तुम्हाला ऐकू येतं?"

पेपरचं पान उलटल्याची सळसळ झाली. आणि मग तोच कालचा गोड आवाज.

"काय म्हणालीस? जरा मोठ्याने बोल, बाळ."