आधी जेव, मग बोलू

परळच्या एका हॉस्पिटलात पेशंटचे नातेवाईक आणि डॉक्टर यांच्यातली भांडणं मिटवणं हे माझं काम. माझ्यासारख्या नोकरदारांना शांतता आणि विकास या विषयांचा परदेशात अभ्यास करता यावा म्हणून एक संस्था पूर्ण खर्चाची फेलोशिप देते. तिच्या निवड समितीतले एक निवृत्त वकील मला दादरच्या मासळी बाजारात नेहमी भेटतात. माशाचे कल्ले उघडून, वास घेऊन ते दहा खोड्या काढतात आणि शेवटी कोळीण देईल ते निमूट पिशवीत टाकतात.

निवड न झालेल्या प्रत्येकाला ते स्वतः फोन करतात. नुसत्या मेलवर नकार कळवणं त्यांना पटत नाही. पहिला प्रश्न ठरलेला, "जेवलीस का?" नाही म्हटलं, की "आधी जेव, मग बोलू," म्हणून फोन ठेवतात. मग पुन्हा फोन करून अर्ज कुठे कमी पडला ते सरळ सांगतात. दोन वर्षं मी त्यांचा नकार भरल्या पोटी ऐकला. दुसऱ्या वर्षी तर त्यांचं नाव फोनवर दिसताच मी ताट वाढून घेतलं.

यंदा निवड झाल्याची मेल आली. आईने शेजारीपाजारी पेढेही वाटले. तरी मला काहीतरी राहून गेल्यासारखं वाटत होतं. शेवटी संध्याकाळी मीच फोन लावला.

"सर, जेवलात का?"



"नाही अजून," ते हळूच म्हणाले. "का गं, जात नाहीयेस का?"

"जातेय, सर. तुम्ही निवांत जेवा."