पलीकडून येणारी बाई

घरातून तळं दिसतं असं एजंट म्हणाला होता, आणि ते खोटं नव्हतं. कपडे वाळत घालायच्या गॅलरीत उभं राहून उजवीकडे वाकलं, की समोरच्या दोन इमारतींच्या मधून एक हिरवी पट्टी दिसायची. ती जलपर्णी होती. पाणी तिच्याखाली होतं. पहिल्या दिवशी मी आईला तिथे उभं केलं आणि म्हणाले, "बघ, तळं."

आईने वाकून पाहिलं. "हिरवं हाय," म्हणाली आणि आत जाऊन डबे लावायला लागली.

बाबा गेल्यावर सहा महिन्यांनी मी तिला अमरावतीहून पुण्याला आणलं होतं. बाबांचं सरकारी क्वार्टर सोडावं लागलं. मामाच्या घरी मागची खोली रिकामी होती. मामा म्हणत होता, इथेच राहा. मामी काहीच म्हणत नव्हती, आणि आईला तेवढं पुरे होतं. त्या घरी ती आयुष्यभर पाहुणी म्हणून गेली होती. पाहुणीचं ताट आणि राहणारीचं ताट यांतला फरक तिला माहीत होता. मी म्हणाले, माझ्याकडे चल, आपलं घर होईल. ती म्हणाली, "दिवाळीपर्यंत पायतो. नाई करमलं तं जातो वापस."

तेव्हा जूनचा शेवट चालू होता. माझ्या हातात चार महिने होते.

तळ्याच्या तीन बाजूंना सोसायट्या आहेत आणि चौथ्या बाजूला जुनं गावठाण. सोसायट्यांचे लोक गावठाणात फक्त चक्की आणि इस्त्रीसाठी जातात. आमच्या मजल्यावर आणखी चार दारं होती आणि चारही कायम बंद. पहिल्या आठवड्यात लिफ्टमध्ये एका बाईंनी मला विचारलं, "मालक की भाडेकरू?" मी म्हणाले, "भाड्याने." त्या म्हणाल्या, "असं," आणि लिफ्टचे आकडे बघायला लागल्या.

आई विचारायची, "इथले लोकं दारं कायले लावून बसतात वं?"

"एसी असतो आई."

"बाराही महिने?"

एका रविवारी मी तिला मंडईत नेलं. तिला अंबाडी हवी होती. ती जुडी सोडून एकेक काडी बघत होती, तर भाजीवाला म्हणाला, "बाई, अंबाडी आहे ती, पैठणी नाही. पदर काय उलगडून बघताय?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आई मात्र दोन दिवस आठवून आठवून हसत होती. मग माझ्या लक्षात आलं की पुण्यात आल्यापासून माझ्याशिवाय तिच्याशी कुणी बोललेलं हे पहिलंच वाक्य होतं.

तळ्यावर ती जायला लागली ते मला उशिरा कळलं. मी दहा वाजता लॅपटॉप उघडून बसायचे आणि माझे कॉल सुरू व्हायचे. आई पोळ्या आटोपून, उरलेल्या कणकेच्या हरभऱ्याएवढ्या गोळ्या वळून, स्टीलच्या छोट्या डब्यात घालून निघायची. माशांना कणीक घातली की गेलेल्या माणसाला पोचते, असं बाबांच्या तेराव्याच्या दिवसांत कुणीतरी तिला सांगितलं होतं. तिचा त्यावर किती विश्वास होता, मी कधी विचारलं नाही. पण गावठाणाच्या बाजूला चार दगडी पायऱ्या आहेत आणि तिथे जलपर्णी थोडी विरळ आहे. तिथे मासे वर येतात, हे तिने मला एकदा जेवताना सांगितलं. सांगताना तिने बोटांची चोच करून माशांची तोंडं दाखवली. बाबा गेल्यानंतर तिने अशी कसली नक्कल केली ती तेव्हाच.

तिथे तिला एक मैत्रीण मिळाली. गावठाणात बांगड्यांचं दुकान असलेली मुसलमान बाई. तिचं माहेर पुण्यातल्याच कसबा पेठेतलं, तीन-चार पिढ्यांपासूनचं. आई म्हणायची, "तिचं मराठी आयकलं तं मले वाटते मीच बाहेरची हावो." दुकान उघडण्याआधी ती शिळा पाव घेऊन यायची आणि दोघी पायरीवर बसायच्या. आई आता मला विचारायला लागली होती, की दिवाळीत इथे पणत्या कुठे मिळतात. मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. जास्त आनंद दाखवला तर मोडेल अशी भीती होती.

मी स्वतः संध्याकाळी तळ्यावर जायचे. फिरायच्या वाटेवरून दोन फेऱ्या, कानात इयरफोन, आणि इयरफोनमध्ये काहीच नाही. लोकांनी बोलू नये म्हणून ते घालायचे, आणि कुणी बोलत नाही म्हणून घरी येऊन वाईट वाटून घ्यायचे. लहानपणापासून मी अशीच आहे. शाळा इंग्रजी माध्यमाची होती. तिथे वऱ्हाडी बोललं की बाई बाकावर उभं करायच्या, आणि घरी इंग्रजी बोललं की सगळे हसायचे. त्यामुळे मी कमी बोलायला शिकले.

ऑगस्टमध्ये बाकावर बसणाऱ्या एका काकांनी मला थांबवलं. निवृत्त इंजिनिअर, पांढरे बूट, हातात काठी, पण टेकायला नव्हे, दाखवायला. तळ्यासाठी काम करणारा सात-आठ जणांचा त्यांचा ग्रुप होता. "आपण काय करता?" त्यांनी विचारलं. मी म्हणाले, एका कंपनीत इंग्रजीत माहितीपत्रकं वगैरे लिहिते.

"अरे वा. म्हणजे उपयोगाच्या आहात. आणि मराठी? छान आहे की. कुठल्या तुम्ही?"

"अमरावतीची."

"काय सांगता! वाटत नाही हो."

मी "थँक यू" म्हणाले. ते मला अजून ऐकू येतं.

मग मी त्यांची पत्रं लिहायला लागले. नाल्यातून मैलापाणी येतं, जलपर्णी काढा, दिवे लावा. महापालिकेला, वॉर्डाला, पेपरला. उत्तर कशालाच आलं नाही, पण बाकावर मला जागा ठेवायला लागले. एक आजी माझ्यासाठी वेगळे शेंगदाणे आणायच्या. लिफ्टमधल्या बाईसुद्धा त्याच ग्रुपमध्ये निघाल्या आणि मला नावाने हाक मारायला लागल्या. घरी येऊन मी आईला सांगायचे, "बघ, ओळखी होताहेत." आई म्हणायची, "चांगलं झालं न मंग." तिला मी कधी संध्याकाळी सोबत चल म्हणाले नाही. ती सकाळी जातेच ना, असं मी स्वतःला सांगत होते. खरं कारण मला माहीत होतं. तिने तोंड उघडलं असतं, तर मी अमरावतीची वाटले असते.

ऑक्टोबरच्या उन्हात मासे मेले. एका सकाळी ते कडेकडेने पांढरे पडलेले दिसले, पोटं वर करून. दोन दिवस आमच्या गॅलरीत कपडे वाळत घालता येईनात, इतका वास. आई पायऱ्यांवर गेली आणि भरलेला डबा घेऊन तशीच परत आली. त्या दिवशी ती जेवली नाही.

संध्याकाळी बाकावर बैठक भरली. नाल्याची पत्रं सहा वेळा झाली होती. काका म्हणाले, "नाला आपल्या हातात नाही. कणीक आपल्या हातात आहे."

"कसली कणीक?" आजींनी विचारलं.

"अहो, खायला घालतात ना लोक. पुण्य कमावतात. ते कुजतं, पाण्यातला ऑक्सिजन जातो. एक बाई तर रोज डबा घेऊन येते. मी गॅलरीतून बघतो ना दुर्बिणीने. कुठून कुठून येतात आणि आपलं तळं नासवतात. तिथे एक बोर्ड लावू. तुम्ही लिहा," ते मला म्हणाले, "इंग्रजी आणि मराठी."

तेव्हा बोलायला हवं होतं. ती माझी आई आहे, एवढंच. किंवा, वाटीभर कणकेने तळं मरतं का हो काका, नाल्याचं काय? दोन्ही वाक्यं माझ्याकडे तयार होती. मी विचारलं, "बोर्ड केवढा असेल? म्हणजे तसा मजकूर लिहिते."

इंग्रजीत मी "खाद्यपदार्थ" अशा अर्थाचा मोघम शब्द घातला होता. काकांना तो पटला नाही. "स्पष्ट लिहा. मराठीत तर कणीक असंच लिहा, नाहीतर या लोकांना कळत नाही." मी कणीक लिहिलं. त्याआधी "कृपया" घातलं. मला वाटलं, कुणी येऊन हटकण्यापेक्षा बोर्ड बरा. आईला मी आधीच समजावून सांगेन, ती जायची थांबेल, आणि कुणाला काही कळणार नाही. आपण किती नीट वागतोय, असंही वाटलं.

वाचलेल्या माशांसाठी आई पुन्हा डबा घेऊन जायला लागली होती. सांगायला मी रविवार निवडला. बोर्ड सोमवारी लागणार होता. सकाळी मी म्हणाले, "चल, आज मी येते तुझ्यासोबत." आईला इतका आनंद झाला की तिने साडी बदलली. वाटेत सांगेन म्हणून मी निघाले. वाटेत ती त्या बांगडीवाल्या बाईविषयी बोलत होती, की माझ्या हाताच्या मापाच्या काचेच्या बांगड्या ती दिवाळीसाठी बाजूला काढून ठेवणार आहे. मला मध्ये बोलता आलं नाही. पायऱ्यांशी पोचलो, तर बोर्ड लागलेला होता. एक दिवस आधीच. शेजारी काका काठी घेऊन उभे होते आणि मैत्रीण वरच्या पायरीवर पाव मांडीवर ठेवून बसली होती.

"या, या," काका मला म्हणाले. "रंगाऱ्याने शनिवारीच आणून दिला. शब्द तुमचे शोभून दिसताहेत." मग त्यांची नजर माझ्या मागे आली, आईच्या हातातल्या डब्यावर. "हं. या बघा. अहो बाई, वाचता येतं ना?"

"येते," आई म्हणाली.

"मग वाचा. काय लिहिलंय? ह्यांनीच लिहिलाय तो बोर्ड, शंका असेल तर ह्यांनाच विचारा."

आईने बोर्ड वाचला. ओठ हलवत, सावकाश, शेवटपर्यंत. मग माझ्याकडे पाहिलं. राग नव्हता. शाळेत बक्षीस घ्यायला मी स्टेजवर जायचे तेव्हा खालून बघायची, तशी बघत होती. मग तिची नजर काकांच्या चेहऱ्यावर गेली आणि परत माझ्यावर आली, आणि तिला सगळं कळलं.

मैत्रीण पाव कागदात गुंडाळत म्हणाली, "काका, एक बोर्ड नाल्यापाशीही लावा. घाणीलाही वाचता येत असेल."

काकांनी तिकडे दुर्लक्ष केलं. एकदा माझ्याकडे, एकदा आईकडे बघत त्यांनी विचारलं, "तुम्ही ओळखता का ह्यांना? बरोबर आलात म्हणून विचारतो."

मी तोंड उघडलं. आई माझ्याआधी बोलली.

"नाई जी. मी पलीकडून येतो. वाटेत भेटल्या ह्या."

ह्या. मला.

तिने डब्याचं झाकण दाबून लावलं आणि आमच्या घराच्या उलट दिशेला, चक्कीच्या रस्त्याने निघून गेली. मैत्रिणीने माझ्याकडे एकदा पाहिलं. मी कोण ते तिला माहीत होतं, हे त्या बघण्यातच होतं. काका म्हणाले, "बघा, गोड बोललं की ऐकतात." मी मान डोलावली. मग एक फेरी मारली, कारण तशी मारायची सवय होती.

मी घरी पोचले तेव्हा आई आली नव्हती. चक्कीवरून सगळं तळं फिरून यायला तिला तासभर लागला. आल्यावर तिने पाणी पिऊन भाजी चिरायला घेतली. मी दारात उभी राहून म्हणाले, "आई, मी सांगणार होते."

"मले माहीत हाय."

"तू असं का म्हणालीस?"

"मंग काय म्हनू? तुह्या ओळखी होऊन राहिल्या इथं. मी काय, चार दिवसाची." ती चिरत राहिली. "अन् तू चांगलं लिहिलं. कृपया बी लिहिलं."

ती एकदा जरी ओरडली असती तर मी पाय धरले असते. मी आत जाऊन लॅपटॉप उघडला. रविवार होता, काही काम नव्हतं.

पणत्यांचा विषय पुन्हा निघाला नाही. ती दिवसभर घरात बसायला लागली आणि दार लावून घ्यायला लागली. मामाने वसुबारसेच्या चार दिवस आधीचं तिकीट काढलं. स्टेशनवर ती मला सांगत होती की फ्रिजमध्ये अळूच्या वड्या वाफवून ठेवल्यात, फक्त तळायच्या. मी "थांब" म्हणाले नाही. कशाच्या जोरावर म्हणणार होते?

उन्हाळ्यात मासे पुन्हा मेले. पायऱ्यांवर तेव्हा कुणीच येत नव्हतं. बाकावर हा मुद्दा कुणी काढला नाही, मीही नाही. नाल्यासाठी सातवं पत्र लिहायला सांगितलं, ते मी लिहून दिलं. मी अजून त्याच ग्रुपमध्ये आहे. माझ्याविषयी कुणी विचारलं तर म्हणतात, फार शांत मुलगी आहे.

आई फोन करते तेव्हा हळू बोलते, दुसऱ्याच्या घरात बोलतात तसं. मध्येच थांबते, कुणीतरी खोलीत आलं असावं. मागच्या आठवड्यात मी तिला म्हणाले, परत ये. हवं तर फक्त दोन महिने.

ती मग म्हणाली, "मी आली तं तू त्यायले काय सांगशील? कोन म्हनून सांगशील?"

मी म्हणाले, "सांगेन ना."

"काय?"

मागून मामीचा आवाज आला, दुधाकडे बघायला सांगत होती. आई म्हणाली, "हो हो, पायतो," आणि मला न सांगताच तिने फोन ठेवला.