डावीकडे वळणारा चेंडू

थळला आमच्या घरामागे बाबांची जाळी ठेवायची पडवी आहे. पॉलिटेक्निकच्या स्पर्धेसाठी मी आणि माझी मैत्रीण तिथे रोबो बनवत होतो. समोर टांगलेल्या कड्यातून चेंडू फेकायची युक्ती अगदी साधी. शेजारी-शेजारी दोन चाकं, एकमेकांच्या उलट फिरणारी. मध्ये चेंडू सरकवला की सुटलाच. बाबांच्या जाळं ओढायच्या यंत्राची जुनी रबरी चाकं पेटीत पडून होती, तीच मी बसवली. शेवटच्या फेरीआधी त्यांनीच ती बदलून ठेवलेली. त्या फेरीवरून ना होडी आली, ना बाबा. त्याला दोन वर्षं झाली.

पहिला चेंडू डावीकडे वळला आणि खुंटीवरच्या त्यांच्या जुन्या रेनकोटावर आपटला. तो कोट आई कुणाला हलवू देत नसे. देह सापडला नाही म्हणून तिने दिवसही केले नव्हते. कोट उतरवला की माणूस गेला, एवढंच तिचं म्हणणं.

दुसरा चेंडूही तिथेच. मोटारी अदलून-बदलून पाहिल्या, तरी सातवा थेट कोटाच्या छातीवर. दर वेळी डावी बाही उचलायची आणि सावकाश खाली यायची. वाऱ्याची झुळूकही नव्हती. मैत्रीण म्हणाली, "आज राहू दे." मी तिला भित्री म्हणाले, पण पुढचा चेंडू काही सोडला नाही.

दुपारी मासळी विकून आई आली आणि पाटी उतरवून उंबऱ्यात बसली. "अजून एक सोड गो," म्हणाली. चेंडू गेला, बाही हलली. तिने कोटावरून नजर चाकांकडे वळवली.

"डावं चाक बघ. दोर त्या अंगालाच दाबून धरायचं ते."

मोजलं. डावं चाक दोन मिलिमीटर बारीक. झिजलं म्हणूनच तर बाबांनी काढलं होतं. कोळ्याच्या पोरीला एवढं सुचू नये याचा मला रागच आला.

दोन दिवसांनी नवी चाकं बसवली. आई पुन्हा उंबऱ्यात येऊन बसली. चेंडू सरळ कड्यातून गेला. पुढचे तीनही. कोट हलला नाही.

"आता न्हाय जानार त्यांच्याकडं?"

"नाही."

ती उठली, कोट खुंटीवरून काढला, बाह्या आत घेऊन नीट घडी केली.

"स्पर्धा करून ये," म्हणाली. "मग त्यांचं दिवस करू."

मैत्रीण आनंदाने चेंडू गोळा करत होती. मला मात्र ते झिजलेलं चाक परत बसवावंसं वाटत होतं.