हवेतलं पाणी

डोंबिवलीत मानपाड्याला ज्या शेडमध्ये माझा गाळा आहे, त्या शेडच्या मालकाने मला फसवलं. कोरडी हवा देतो म्हणाला आणि ओली हवा दिली. ऐकणाऱ्याला हसू येईल. मलाही आलं होतं, आणि त्या हसण्यापायी माझा सर्वांत जुना माणूस काम सोडून गेला.

माझ्याकडे इलेक्ट्रिक पॅनलच्या पत्र्याच्या पेट्या बनतात. भोकं पाडायला आम्ही एअर ड्रिल वापरतो. ते दाबलेल्या हवेवर फिरतं. हाताला हलकं, दिवसभर चालवलं तरी तापत नाही, अडकलं तर जळत नाही. कॉम्प्रेसर मात्र माझा नाही. शेडच्या मागच्या खोलीत मालकाचा एकच मोठा कॉम्प्रेसर आहे आणि तिथून पाइपाने सगळ्या गाळ्यांना हवा जाते. हवेतला ओलावा काढायला त्याला ड्रायर जोडलेला आहे. गाळा घेताना मालकाने मला ती खोली दाखवली, ड्रायरवर थाप मारून म्हणाला, "खडखडीत कोरडी हवा मिळेल तुम्हाला."

मी भाव पाडायला बसलो. भाव पाडल्याशिवाय मी भाजीसुद्धा घेत नाही, आणि त्याच जोरावर हाताखालच्या कामापासून गाळ्यापर्यंत आलोय. म्हणालो, "हवेचे कसले एवढे पैसे? हवा ती हवा." तासाभराने तो माझ्या आकड्यावर आला. घरी जाताना मी खुशीत होतो.

तो जुना माणूस म्हणजे ड्रिलवरचे काका, सगळेच त्यांना काका म्हणायचे. ठाण्याच्या कंपनीत मी झाडू मारायला लागलो तेव्हा ते तिथे फिटर. ड्रिल धरायला मला त्यांनी शिकवलं. बिट बदलायच्या आधी नळी काढ. बिट आवळणाऱ्या चकची चावी तिन्ही भोकांत फिरव, एकातच पिळून सोडू नकोस. नळी जोडण्याआधी मोकळी सोडून कचरा उडव. कंपनी बंद पडली, मी गाळा घेतला, तेव्हा पहिल्यांदा त्यांनाच बोलावलं. चारचौघांत ते मला शेठ म्हणायचे, दोघेच असलो की "अरे, ऐक रे जरा". रोज सकाळी ड्रिलच्या हवेच्या तोंडात तेलाचे चार थेंब सोडायचे, मागे फडकं धरून ते क्षणभर फिरवायचे, कान लावायचे. "गळा साफ आहे," म्हणायचे आणि मग कामाला लागायचे.

गेल्या पावसाळ्यात ड्रिलचा गळा बसला. जोर कमी, मध्येच थांबणं. रिपेअरवाल्याने उघडून दाखवलं. आतल्या पात्या अडकलेल्या, गंज चढलेला. "तेल घालत नाहीत का तुमच्याकडे?" त्याने विचारलं. ते वाक्य माझ्या डोक्यात बसलं.

काका म्हणाले, "शेठ, तेल रोज जातं. हवेत पाणी येतंय. लाइनवर बसवायला काचेची वाटी मिळते, पाणी धरणारी. ती घ्या."

"कशाला? मी कोरडी हवा घेतोय."

ड्रिल तिसऱ्यांदा बंद पडलं त्या दिवशी पेट्या न्यायला टेम्पो दारात उभा होता आणि निम्म्या पेट्यांना भोकं नव्हती. मी ओरडलो. तेल घालता की घरी नेता, इथपर्यंत बोललो. गाळ्यातली चौघं माणसं हातातलं काम सोडून बघत होती. मालकही भाडं मागायला आलेला, दारात उभा होता.

"सांगतोय ना शेठ, हवेत पाणी आहे."

काका दिवा स्टेशनजवळ राहतात. कामावरून गेल्यावर कॅन घेऊन पाण्यासाठी रांगेत उभे राहतात. मला ते माहीत होतं, म्हणूनच तोंडात आलं: "दिव्यात तुमच्या नळाला पाणी नाही, आणि इथे हवेत पाणी दिसतं होय?"

चौघंही हसली. मी हसलो. मालक तर सर्वांत मोठ्याने. काकांनी ड्रिल पुसलं, हुकाला लावलं, तेलाची कुपी माझ्या टेबलावर ठेवली आणि ते गेले. त्यांच्या पाठीमागे मालक म्हणाला, "वय झालं हो. हात चालत नाही आता, मशीनं खातात."

हेच तो शेडभर बोलत फिरला. काका पुढच्या दोन गाळ्यांत काम मागायला गेले, तर तिथे उत्तर तयार: "तुम्ही मशीनं बिघडवता म्हणे."

मी नवं ड्रिल घेतलं आणि स्वतः चालवायला लागलो. तेलाचे चार थेंब स्वतःच्या हाताने घातले. आठवड्याभरात एका सकाळी चाप दाबला आणि ड्रिलच्या मागून माझ्या सदऱ्यावर पिचकारी उडाली. बोट लावलं. ताकासारखं पांढरट, तेलात फेसाळलेलं पाणी.

तसाच मागच्या खोलीत गेलो. ड्रायरचा प्लग काढून गुंडाळून ठेवलेला. कॉम्प्रेसरचा पाइप ड्रायरला वळसा घालून थेट बाहेर. ड्रायरवर नवरात्रातल्या मंडपाच्या माळांचं गाठोडं आणि त्यावर बोटभर धूळ. मालक ठाण्याच्या टेंभी नाक्याचा, तिथल्या नवरात्राच्या मंडळातला माणूस. त्याच्या घरी गेलो.

"ड्रायर कधीपासून बंद आहे?"

"बसा तर आधी. चहा घेणार?"

"मला कोरडी हवा सांगितली होतीत."

"सांगितली होती ना. मग तुम्ही भाव पाडलात. काय म्हणाला होतात, आठवा. हवा ती हवा. मी म्हटलं, बरं, हवा तर हवा. त्या भावात ड्रायरचं वीजबिल कोण भरणार?"

"आणि काकांचं नाव घेत फिरलात ते?"

"मी कुठे? तुम्हीच बोललात त्यांना. मी नुसता हो म्हणालो."

पुढे मी काय काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. जिन्यात शेजारीपाजारी जमले होते एवढं सांगतो.

तिथून दिव्याला गेलो. काका दारात कॅन धूत होते. म्हणालो, "हवेत पाणी होतं."

"मला माहीत होतं, शेठ."

आजूबाजूला कोणी नव्हतं, तरी शेठ म्हणाले.

"परत या."

"तुमच्या गाळ्यातल्या चौघांना तुम्ही सांगाल. बाकीच्या गाळ्यांत कोण सांगणार? मी मान खाली घालून त्या शेडमध्ये शिरणार नाही."

दुसऱ्या दिवशी चौघांसमोर सांगितलं, चूक माझी. काचेची वाटीही बसवली. संध्याकाळपर्यंत ती अर्धी भरते. ते गढूळ पाणी मी फेकत नाही, बाटलीत साठवतो. बाटली टेबलावर आहे, काकांच्या तेलाच्या कुपीशेजारी. हुकाला ड्रिल आहे, त्याखाली माणूस नाही.

भाव मी पाडला, तोंड मी सोडलं. त्याचं काय ते माझ्याकडे. पण मालक, ड्रायरचा प्लग तुम्ही काढलात. तो काढलेला ठाऊक असताना तुम्ही एका कारागिराचं नाव गाळ्यागाळ्यांत घालवलंत. ही बाटली हातात घ्या, माझ्याबरोबर प्रत्येक दारात उभे राहा आणि सांगा की मशीनं काकांनी बिघडवली नाहीत, तुमच्या हवेने बिघडवली. कधी येताय, बोला.