ओट्यावरून निघालेला शंख

मंडळी, आज माझ्या ओट्यावरून एक शंख चालत निघाला! थांबा, सांगते.

सकाळी सोसायटीच्या लोकांबरोबर घणसोलीच्या खाडीवर खारफुटीतलं प्लास्टिक उचलायला गेले होते. तिथे चिखलात एक लांबट, टोकदार, काळपट शंख दिसला. रिकामा वाटला, म्हणून शोपीस करायला घरी आणला आणि धुऊन ओट्यावर ठेवला.

थोड्या वेळाने सासूबाई ओरडल्या. त्या मूळच्या इथल्याच तळवली गावच्या. "अगो, यो त जिता हाय! चल, आदी त्याला खाडीत सोडू."

बघते तर शंखाचं झाकण उघडून आतली गोगलगाय निवांत सिंककडे निघालेली!

कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या मैत्रिणीला फोटो पाठवून विचारलं, "ही दुर्मिळ आहे का गं?"

ती म्हणाली, "आपल्या खाडीत किती उरल्यात, कुणी नीट मोजलंच नाही. भराव, सांडपाणी, प्लास्टिक, सगळं मात्र तिच्याच चिखलात येतं."

सासूबाई आणि मी रिक्षाने लगेच खाडीवर गेलो. सकाळच्या जागेवर कुणीतरी बांधकामाचं डेब्रिज टाकून गेलं होतं. सासूबाई साडी खोचून पुढे गेल्या आणि खारफुटीच्या मुळांशी ओला चिखल बघून त्यांनी शंख ठेवला. तो बराच वेळ हललाच नाही. मग हळूच शिंगं बाहेर आली आणि स्वारी निघाली. सासूबाईंनी चक्क टाळ्या वाजवल्या!

वाघ मोजायला माणसं असतात, या गोगलगायीला मोजायला कुणीच नाही. म्हणून येत्या रविवारी आम्ही सासू-सुना मोजायला जातोय. चिखलात उतरायला कोण कोण येतंय?