उन्हात ठेवलेलं तेल

चंदीगडच्या थंडीत खोबरेल पार दगड व्हायचं. आम्हा मराठी बायकांची बाटली मग सकाळीच गच्चीच्या कठड्यावर उन्हाला जायची. त्या हिवाळ्यात कर्फ्यू लागला, युनिव्हर्सिटी बंद झाली, आणि दिवसाउजेडी घरी राहिले तेव्हा मला कठड्यावर दोन बाटल्या दिसल्या.

दुसरी होती शार्कच्या लिव्हरच्या तेलाची. गोवरातून उठलेली माझी मुलगी नुसती काडी झाली होती, म्हणून सासूबाईंनी ही बाटली मालवणहून आणली होती. थंडीनं तेल गढूळ झालं, तशी त्यांनी तीही खोबरेलाशेजारी ठेवली. रोज.

मी झाकण उघडलं. ओल्या रंगासारखा उग्र वास आला आणि माझं डोकंच फिरलं. मी केमिस्ट्री शिकवणारी. माशाचं तेल फार नाजूक; ऊन लागलं की हवेतल्या ऑक्सिजननं त्याची पेरॉक्साइडं होतात, ती मोडून अल्डिहाइडं. शरीराला घातक.

"आई, हे तिला आता एक थेंबही द्यायचं नाही. उन्हानं तेल बिघडलंय."

"ह्याच तेल पाजून मी तुझ्या घोवाक वाढयलंय."

"तेव्हा बाटली फडताळात असायची ना? अंधारात?"

त्यांनी हातातला चमचा खाली ठेवला. नातीच्या बाबतीत त्या हट्ट करणाऱ्या नव्हत्या. पण मी बाटली घेऊन सिंककडे निघाले, तशी त्यांनी माझं मनगट धरलं.

"तेल वतू नको गो. तो घराक नाय."

माझा नवरा फौजेत. महिन्याभरापूर्वी सीमेकडच्या जिल्ह्यात ड्यूटीवर गेला होता. ना पत्र, ना फोन. रेडिओवर रोज मेलेल्यांचे आकडे सांगायचे. तेल सांडणं अशुभ, असलं काही मी एरवी ऐकून घेतलं नसतं, चांगलं सुनावलं असतं. त्या दिवशी मलाही भीती वाटली. मी बाटली कपाटात त्याच्या कपड्यांमागे ठेवून दिली. मुलगी वरण-भातावर हळूहळू भरत गेली. आम्ही दोघी त्या कपाटाबद्दल बोलायचो नाही.

एका दुपारी तो आला. दाढी वाढलेली, डोळे आत गेलेले. सासूबाई रडल्या नाहीत. त्याच्या तोंडावरून हात फिरवून त्या आत गेल्या, बाटली आणून माझ्या हातात दिली.

"आता वत."

मी त्याच्याकडे बघत बघतच ओतायला गेले आणि निम्मं तेल फरशीवरच सांडलं. त्या खाली बसल्या, पदरानं ते पुसायला लागल्या आणि पुसता पुसता ओक्साबोक्शी रडल्या.