चोरीचा गुलाब

निजामाचं राज्य नुकतंच गेलं होतं, तेव्हाची गोष्ट. जुन्या जालन्यात आमच्या शेजारी आडतीवरचे एक मारवाडी मुनीमजी राहायचे. त्यांच्या दारात त्यांच्या वारलेल्या बायकोनं लावलेला गावठी गुलाब होता. कुणी काडी मागितली की ते तोंड वाकडं करायचे. "मांगून नेलेली काडी लागत न्हाई. चोरलेलीच बराबर फुटते." एवढं बोलून ते तपकिरीची डबी शोधायला आत जायचे आणि चांगला वेळ लावून, खोकत खोकत बाहेर यायचे. गल्लीत घरोघरी तोच गुलाब झाला, तो असा. आमच्याकडेही.

एका उन्हाळ्यात ते तापानं पडून राहिले आणि त्यांचा गुलाब मुळापासून वाळला. आखाडात ते आमच्या अंगणात आले. गुलाबापाशी उभे राहून उगाच पेरणीबद्दल बोलत राहिले. मग म्हणाले, "वहिनी, जरा पाणी देता का?"

मी आत गेले. घासलेला तांब्या पुन्हा घासला, विनाकारण भांडी वाजवली.

बाहेर आले तेव्हा त्यांचा उजवा हात कोटाच्या खिशात होता. डाव्या हातानं सुपारीसुद्धा न घेणारा तो माणूस डाव्या हातानं तांब्याभर पाणी प्याला.